लॉर्ड ऑफ द रिंग्जचा ४के सेट: कापलं ते माफ, बदललं ते नाही

आधी पेटीत काय आहे ते सांगते, भांडणाकडे नंतर येऊ. २०२० च्या डिसेंबरात आलेला हा ४के अल्ट्रा एचडी सेट, एकूण नऊ डिस्क. टोलकिनच्या पुस्तकावरून पीटर जॅक्सनने केलेल्या तिन्ही पिक्चरचे थिएटरमध्ये लागलेले कट एकेका डिस्कवर आणि एक्सटेंडेड, म्हणजे कापलेले प्रसंग परत घालून लांबवलेले कट दोन-दोन डिस्कवर, म्हणजे ऐन रंगात आल्यावर उठून डिस्क बदलायची, सोफ्यावरून उठायचा कंटाळा असणाऱ्यांना आत्ताच सांगून ठेवते. थिएटरचा पहिला भाग १७८ मिनिटांचा, एक्सटेंडेड २०८. दुसरा १७९ चा २२३ होतो. तिसरा २०१ चा थेट २५१. शेवटी फॅन क्लबच्या मेंबरांची नावं सरकत राहतात ती यात धरलेली नाहीत, ती धरली तर अजून वाढतं. म्हणजे सगळं मिळून दोन तासांच्या वर जास्तीचा माल.

आता हा जास्तीचा माल कामाचा आहे का, आणि पुस्तकवाले विरुद्ध पिक्चरवाले हे जे २००१ पासून चालू आहे त्यात याने काही फरक पडतो का, हा खरा प्रश्न. पडतो. पण सगळीकडे सारखा नाही. दुसऱ्या पिक्चरचा एक्सटेंडेड कट नसेल तर पिक्चर अर्धवट वाटावा इतका पडतो, पहिल्याचा असला तर मजा नसला तर चालतं, आणि तिसऱ्यात त्यांनी काही अशा गोष्टी परत घातल्यात की त्या कापलेल्याच बऱ्या होत्या.

हे भांडण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोष्ट आहे फ्रोडो नावाच्या बुटक्याची, जो मित्र सॅमबरोबर सॉरॉन या दुष्ट सत्ताधीशाची अंगठी नष्ट करायला निघतो. पिक्चर वाईट आहेत असं सहसा कोणीच म्हणत नाही. तिसऱ्याला अकरा नॉमिनेशनं आणि अकराच्या अकरा ऑस्कर, तिथे बोलायला जागाच नाही. भांडण हे आहे की हे पुस्तकाचेच पिक्चर आहेत की पुस्तकावरून सुचलेले वेगळेच काहीतरी. लेखकाचा मुलगा ख्रिस्तोफर टोलकिन, ज्याने वडिलांचे कागद निस्तरण्यात उभा जन्म घालवला, त्याने २०१२ मध्ये एका फ्रेंच पेपरला मुलाखत देताना सरळ सांगितलं की यांनी पुस्तकाचा कोथळा काढून पोरासोरांसाठी मारधाडीचा पिक्चर केलाय. कट्टर पुस्तकवाले अजूनही हेच वाक्य तोंडावर फेकतात. आमच्या घरात ते काम माझी मावसबहीण करते, आणि समोर नवरा, ज्याने आधी पिक्चर पाहिले आणि मग त्यामुळे पुस्तक हातात घेतलं, तो म्हणतो की पिक्चर नसते तर मी त्या जाड पुस्तकाच्या वाटेला गेलो असतो का. दोघांचंही खरं आहे, म्हणून तर मिटत नाही.

पण मला या सगळ्यात सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे स्वतः टोलकिन साहेबांचं मत उपलब्ध आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी एका अमेरिकन माणसाने या पुस्तकावर पिक्चरची रूपरेषा लिहून त्यांना पाठवली होती आणि १९५८ मध्ये त्यांनी तिच्यावर जे लांबलचक पत्र लिहिलं ते त्यांच्या पत्रांच्या छापील पुस्तकात आहे, वाचाच, एखादा प्रोफेसर पेपर तपासताना भडकलाय असं वाटतं. गरुडांना टॅक्सीसारखं कशाला वापरताय, जिथे तिथे मारामाऱ्या कशाला घुसडताय, माझी माणसं अशी का बोलतायत. पण त्यातला मुद्दा असा की त्यांना कापण्यावर आक्षेप नव्हता. सगळंच थोडं थोडं कोंबून घोळ करण्यापेक्षा अख्खा प्रसंग उचलून बाजूला ठेवा, असं त्यांचं म्हणणं. आणि उदाहरण काय दिलं, तर झाडांची ती माणसं आणि हेल्म्स डीपची लढाई हे दोन्ही नीट दाखवायला वेळ नसेल तर लढाई कापा, ती मूळ गोष्टीत आनुषंगिक आहे! पीटर जॅक्सनने नेमकं काय केलं हे सांगायची गरज नाही. तीच लढाई आज दुसऱ्या पिक्चरची ओळख आहे, भर पावसात, रात्री, किल्ल्याच्या तटावर, आणि ४के मध्ये ती खरंच बघण्यासारखी आहे, नाकारून चालणार नाही.

तर हा लेखकाचाच नियम मी उचललाय आणि त्यावर सगळा सेट तोलून बघितलाय. कापलं तर माफ. माणसाचा स्वभाव बदलला तर मात्र जाब विचारणार.

म्हणून टॉम बॉम्बाडिलवरून रडणाऱ्यांशी माझं जमत नाही. पिक्चरमध्ये बॉम्बाडिल नाही ही तक्रार इतकी जुनी झालीये की आता ती तक्रार न राहता ओळखपत्र झालंय, मी पुस्तक वाचलंय हे सांगायची पद्धत. मला तो आवडतो, पिवळे बूट घालून गाणी म्हणत फिरणारा म्हातारा ज्याच्यावर अंगठीचा काडीचाही परिणाम होत नाही. पण पिक्चरमध्ये पहिला तासभर तुम्ही लोकांना ठसवताय की ही अंगठी म्हणजे जगातली सगळ्यात भयंकर वस्तू आणि तेवढ्यात एक गृहस्थ येऊन ती बोटात घालून हसतो, संपलं ना सगळं. बीबीसीने १९८१ मध्ये रेडिओवर मालिका केली तिच्यातही त्याला वगळलं होतं, आणि ती मालिका तर पुस्तकवाल्यांची लाडकी. (त्या मालिकेत फ्रोडोचा आवाज इयन होल्मचा, तोच पुढे या पिक्चरमध्ये फ्रोडोचा म्हातारा नातेवाईक बिल्बो झाला, हे माहीत नसेल तर आता पिक्चर बघताना वेगळीच मजा येईल.) आणि एक्सटेंडेड कटमध्ये एक छोटी गंमत आहे, फ्रोडोचे मित्र मेरी आणि पिपिन झाडाच्या मुळांत अडकतात आणि ट्रीबिअर्ड नावाचा झाडमाणूस त्या झाडाला दटावून सोडवतो, ते दटावणं जवळजवळ बॉम्बाडिलच्याच शब्दांत. पुस्तकवाल्यांना मारलेला डोळा आहे तो. मला पुरला.

ग्लोरफिंडेलच्या जागी आर्वेन घोड्यावरून फ्रोडोला नदीपार नेते तेही माफ. एका प्रसंगापुरता येणारा एल्फ कशाला ठेवायचा, पिक्चरला नायिका हवी, आणि पुस्तकात बिचारीची सगळी प्रेमकहाणी मागे परिशिष्टात टाकलीये. तिला हेल्म्स डीपला तलवार देऊन लढवायचंही शूट झालं होतं आणि मग काढून टाकलं, ते मात्र बरंच झालं म्हणायचं. तिची तब्येत अंगठीशी जोडून तिला आजारी पाडलंय तिसऱ्यात, त्याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही आणि एक्सटेंडेड कटही तो लावून देत नाही.

आता फॅरमिर. इथे बसा जरा, इथे वेळ लागणार.

पुस्तकातला फॅरमिर म्हणजे ज्याच्यासाठी लोक पुस्तक परत परत वाचतात तो माणूस. शांत, अभ्यासू, लढाई येते पण लढाईचं प्रेम नाही. त्याला जेव्हा कळतं की फ्रोडो आणि सॅम या दोन बुटक्यांकडे ती अंगठी आहे तेव्हा तो हसतो, आणि म्हणतो की रस्त्याच्या कडेला पडलेली दिसली असती तरी मी उचलली नसती. आणि खरंच नाही घेत. टोलकिननी एका पत्रात लिहिलंय की माझ्यासारखं यात कोणी असेलच तर तो फॅरमिर. आणि पिक्चरमध्ये हाच माणूस फ्रोडोला पकडतो, अंगठी बापाला नेऊन द्यायची म्हणतो, त्याला ओढत ओस्गिलियथ या पडक्या शहरापर्यंत नेतो. पुस्तकात ते तिथे जातच नाहीत. २००२ मध्ये थिएटरमधून बाहेर पडलेल्या पुस्तकवाल्यांचं डोकं फिरणं साहजिक होतं.

लिहिणाऱ्यांची कारणं ऐकली तर तीही अगदीच टाकाऊ नाहीत. एक तर वर बॉम्बाडिलबद्दल म्हटलं तेच, सगळ्यांना भुलवणारी अंगठी हा एकटाच झटकून टाकतो असं दाखवलं तर तिची भीती जाते. दुसरं, गुहेतल्या त्या राक्षसी मादी कोळ्याचा प्रसंग त्यांनी तिसऱ्या पिक्चरमध्ये ढकलला, कारण काळाच्या हिशोबाने तो तिकडेच बसतो, मग दुसऱ्यात फ्रोडो आणि सॅमच्या बाजूला शेवटी चढवायला काहीच उरत नाही. म्हणून फॅरमिरला संकट करून टाकलं. हिशोब म्हणून बरोबर आहे. माणूस म्हणून तो थिएटरच्या कटमध्ये एक आखडू कॅप्टन वाटतो ज्याचं शेवटी अचानक मन बदलतं, का बदलतं देव जाणे.

आणि इथे हा सेट पैसे वसूल करतो. एक्सटेंडेडमध्ये एक फ्लॅशबॅक आहे, ओस्गिलियथ परत जिंकल्यावरचा, फॅरमिरचा थोरला भाऊ बोरोमिर झेंडा लावून भाषण ठोकतोय, दोघं भाऊ बिअर पितायत, हसतायत, आणि तेवढ्यात बाप येतो. बाप थोरल्याला मिठी मारतो आणि धाकट्याकडे असं बघतो जसं काही तो तिथे चुकून आलाय. मग बाप अंगठी आणायची कामगिरी काढतो, फॅरमिर म्हणतो मी जातो, आणि त्याला तिथल्या तिथे झिडकारलं जातं. बास. तीन-चार मिनिटांचा प्रसंग, पण त्यानंतर फॅरमिर फ्रोडोला का ओढत नेतोय ते कोणालाही कळतं, त्याला अंगठी नकोच आहे, त्याला एकदा तरी बापाच्या तोंडून शाबास ऐकायचंय. आणि शेवटी तो फ्रोडोला सोडतो तेव्हा काय सोडतोय हेही कळतं. मेलेल्या शत्रूच्या सैनिकाकडे बघून हा कुठून आला असेल, खरंच दुष्ट होता का, असं जे पुस्तकात सॅमच्या मनात येतं, ते इथे फॅरमिरच्या तोंडी दिलंय आणि शोभतंय. हा पुस्तकातला फॅरमिर नाहीच, मावसबहिणीचं ते म्हणणं मला मान्य. पण हा दुसरा कोणीतरी पूर्ण माणूस आहे. थिएटरवाल्या कटमध्ये तो पुस्तकातलाही नव्हता आणि पूर्णही नव्हता. असा प्रसंग कापून त्या जागी पुढे राजा होणारा ॲरागॉर्न कड्यावरून नदीत पडतो आणि घोडा त्याला चाटून उठवतो तो भाग ठेवला, जो पुस्तकात मुळातच नाही, हा निर्णय ज्याने घेतला त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

बोरोमिरबद्दल उलटं बोलावं लागतं आणि हे कट्टर लोकांना आवडत नाही. पुस्तकात तो मला कधी फारसा भिडला नाही, तो तिरसट आहे, तो चुकतो, आणि त्याची शेवटची लढाई पानावर घडतच नाही, ॲरागॉर्न पोचतो तेव्हा तो झाडाला टेकून मरतोय. तेही दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला. पिक्चरने ती लढाई दाखवली, पहिल्या भागाच्या शेवटाला आणली, आणि शॉन बीनने बाण खात खात जे केलंय त्याला तोड नाही. पोरांना तलवार शिकवताना हसणारा, बर्फात अंगठी हातात आल्यावर हरवून जाणारा, आपलं शहर आठवून डोळे भरून येणारा. म्हणजे स्वभाव बदलला तर जाब विचारणार असं म्हणणारी मी इथे काय म्हणते, तर हा बदल नव्हे, टोलकिननी जे दोन ओळींत सोडलं होतं ते भरून काढलंय. पहिला पिक्चर मला तिघांत सगळ्यात आवडतो तो त्याच्यामुळे.

पहिल्याच्या एक्सटेंडेडमध्ये शायरची, म्हणजे फ्रोडोच्या मुलखाची, लांब ओळख आहे बिल्बोच्या आवाजात, आणि एल्फांची राणी गॅलाड्रिएल सगळ्यांना भेटवस्तू देते तो प्रसंग पूर्ण आहे. फ्रोडोच्या सोबत्यांतल्या गिमलीने तिच्याकडे एक केस मागितला आणि तिने तीन दिले, हे तो नावेत बसून सांगतो, त्याचा चेहरा बघा. थिएटरच्या कटमध्ये गिमली म्हणजे निव्वळ विनोदाला ठेवलेला माणूस होता. पुढे दोन्ही पिक्चरमध्ये त्याला आणखी विनोदाला ठेवलंय ते सोडा. एक तक्रार जाता जाता, फ्रोडो पुस्तकात घर सोडतो तेव्हा पन्नाशीचा आहे, बिल्बोच्या त्या पार्टीनंतर सतरा वर्षं जातात. पिक्चरमध्ये किती जातात याचा पत्ता नाही आणि नायक कॉलेजातला दिसतो. माफ, पण सांगायला हवं होतं.

तिसरा. इथे जरा जपून.

दुष्ट जादूगार सारुमानचा शेवट थिएटरच्या कटमधून पूर्ण उडवला होता, त्याचं काम करणारे क्रिस्तोफर ली जाम चिडले होते आणि ते लपवलंही नाही त्यांनी. हा माणूस दर वर्षी पुस्तक वाचायचा, अख्ख्या टीममध्ये टोलकिनना प्रत्यक्ष भेटलेला हा एकटा, आणि त्याचाच शेवट कात्रीत. एक्सटेंडेडमध्ये तो परत आलाय आणि ली साहेबांसाठी बघावाच, नाहीतर दुसऱ्या पिक्चरचा मुख्य खलनायक तिसऱ्यात मनोऱ्यात आहे एवढं ऐकून आपण पुढे निघतो हे काही बरोबर नव्हतं. एओविन आणि फॅरमिर इस्पितळात भेटतात तेही आहे. घाईघाईत आहे, पण आहे. थिएटरमध्ये शेवटी राज्याभिषेकाला ती दोघं एकमेकांशेजारी उभी दिसतात आणि पुस्तक न वाचलेला माणूस विचारतो हे कधी झालं.

आणि मग सॉरॉनचा तो तोंडाळ दूत. मेकअप भन्नाट, नुसतं तोंड दिसतं, किळस येते. तो काळ्या दरवाजातून येऊन फ्रोडोचं चिलखत फेकतो, टोमणे मारतो, आणि ॲरागॉर्न काय करतो, घोडा पुढे घेऊन त्याचं मुंडकं उडवतो. अरे! पुस्तकात हाच दूत घाबरून म्हणतो की मी दूत आहे, माझ्यावर हात टाकता येत नाही, आणि जादूगार गँडाल्फ त्याला तुझ्या जिवाला धोका नाही असं सांगतो. रावणाच्या दरबारात हनुमानाला मारायला निघाले तेव्हा बिभीषण मध्ये पडतो की दूताला मारत नाहीत, तेही राक्षसांच्या लंकेत. ते आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं आणि इथे राजा, ज्याच्या राज्याभिषेकाची तीन पिक्चर वाट बघितली, तो बोलणी करायला आलेल्याचं डोकं उडवतो आणि वर जोक. हा प्रसंग ज्याने थिएटरमधून कापला त्याचं कौतुक, ज्याने परत घातला त्याचं काय करायचं. यावर आमच्याकडे मावसबहीण आणि नवरा दोघंही एका बाजूला होते, असं क्वचित होतं.

सॉरॉनचा सरदार विच किंग गँडाल्फची काठी मोडतो तेही असंच. पुस्तकात ते दोघं दरवाजाशी समोरासमोर येतात, गँडाल्फ हलत नाही, आणि तेवढ्यात पहाटे कोंबडा आरवतो आणि लांबून मदतीला आलेल्या रोहानच्या घोडेस्वारांची शिंगं. अख्ख्या पुस्तकातला अंगावर काटा आणणारा क्षण आहे तो, कोण जिंकलं असतं हे कळतच नाही यातच तर त्याची गंमत. एक्सटेंडेडमध्ये गँडाल्फ चक्क खाली पडलाय. मेलेल्यांतून परत आलेला, आधीपेक्षा ताकदवान झालेला गँडाल्फ. नाही पटलं. मेलेल्यांची हिरवी फौज मिनास तिरिथ या राजधानीला येऊन साबणाच्या फेसासारखी सगळं धुऊन काढते ते तर दोन्ही कटमध्ये आहे, पुस्तकात त्यांचं काम आधीच पेलार्गिर बंदरात संपतं आणि जहाजांतून येतात ती जिवंत माणसं, त्यामुळे मैदानात लढणाऱ्यांच्या मरणाला किंमत राहते. पिक्चरमध्ये एवढी मोठी घोडदौड केली, रोहानचा राजा थेओडेन मेला, आणि मग वाटतं भुतंच आधी पाठवली असती तर.

पण माझा सगळ्यात मोठा राग यापैकी कशावरच नाही. जिन्यावरचा प्रसंग. अंगठीसाठी वेडा झालेला त्यांचा वाटाड्या गॉलम पावाचे तुकडे सॅमवर टाकतो आणि फ्रोडो सॅमला म्हणतो घरी जा. आणि सॅम निघतो! पुस्तकात दोघं त्या गुहेत बरोबर शिरतात. या गोष्टीत एक गोष्ट कधीच डळमळत नाही ती म्हणजे ही दोघं, बाकी सगळे राजे आणि एल्फ डळमळतात, आणि नेमकी तीच यांनी पंधरा मिनिटांच्या टेन्शनसाठी मोडली. फॅरमिर बदलला त्याला निदान कारण होतं आणि एक्सटेंडेड कटने ते दाखवलं. याला मलमपट्टी करणारं काहीच या सेटमध्ये नाही. सॅम ढगांच्या फटीतून एक तारा बघतो तो छोटा प्रसंग मात्र एक्सटेंडेडमध्ये आहे, पुस्तकातला माझा अत्यंत आवडता, त्यासाठी पन्नास मिनिटं जास्तीची सहन करायला मी तयार आहे.

शेवटी शायर. चौघं परत येतात आणि पुस्तकात घर उद्ध्वस्त झालेलं असतं, झाडं तोडलेली, गुंडांचं राज्य, नियमांच्या पाट्या, आणि यांना आता स्वतःच ते साफ करावं लागतं, कोणी गँडाल्फ नाही मदतीला. पिक्चरमध्ये शायर जसंच्या तसं, पबमध्ये चौघं गप्प बसून बिअर पितात. पहिल्या पिक्चरमध्ये गॅलाड्रिएलच्या आरशात जळतं शायर दिसलं होतं तेवढंच. आता माझ्या नियमाने हे कापलेलं आहे, बदललेलं नाही, माफ करायला हवं. नाही करवत. टोलकिननी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलंय की तो गोष्टीचा आवश्यक भाग आहे आणि सुरुवातीपासून डोक्यात होता. लढून आलं की घर तसंच सापडत नाही, हे म्हणणारं पुस्तक आणि घर तसंच आहे फक्त आपण बदललो म्हणणारा पिक्चर, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पबमधला तो मुका सीन स्वतःपुरता सुंदर आहे हे मान्य करूनही. नवरा म्हणतो आधीच लोक शेवट संपत नाही म्हणून थिएटरमध्ये चुळबूळ करत होते, त्यात अजून एक लढाई घातली असती तर खुर्च्या फेकल्या असत्या. असेल.

चित्र आणि आवाजाबद्दल. २०११ च्या ब्लू-रेवर पहिला एक्सटेंडेड पिक्चर हिरवट दिसायचा, बर्फसुद्धा हिरवट, त्यावरून केवढा गदारोळ झाला होता. ४के मध्ये ते गेलं. रंग आता खरे वाटतात, मोरियाच्या खाणीतला अंधार नीट अंधार आहे, बालरॉग राक्षसाच्या ज्वाळा डॉल्बी व्हिजनवर डोळे दिपवतात. मात्र चित्र गुळगुळीत केलंय, फिल्मचा तो बारीक दाणा बऱ्याच ठिकाणी पुसलाय आणि काही क्लोजअपमध्ये चेहऱ्याला क्रीम लावल्यासारखं होतं. कॉम्प्युटरवर केलेले काही शॉट्स आता उघडे पडतात, उलट लाकूड-प्लास्टरची ती प्रचंड मॉडेलं, मिनास तिरिथ वगैरे, अजून खरी वाटतात. ॲटमॉसचा आवाज, त्याला नावच ठेवायला जागा नाही, हॉवर्ड शोरचं संगीत आणि सॉरॉनच्या त्या नाझगुल सेवकांची किंकाळी डोक्यावरून जाते, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

कसं बघायचं असं विचाराल, तर पहिल्यांदाच बघणाऱ्याला पहिला आणि तिसरा थिएटरचा कट लावून द्या, दुसरा एक्सटेंडेड. दोन्ही कट सेटमध्ये आहेत हा याचा मोठा फायदा. आधी पुस्तक की आधी पिक्चर यावर मी काही बोलणार नाही, मराठीत वाचायचं असेल तर ‘स्वामी मुद्रिकांचा’ नावाने भाषांतर आहे. हॉबिटचे तीन पिक्चर यात नाहीत, आणि त्याबद्दल मला फारसं वाईट वाटलं नाही, तीनेकशे पानांच्या मुलांच्या पुस्तकाचे तीन पिक्चर, त्यात कापायचा प्रश्नच नव्हता, भरायचाच होता.

घेण्याआधी दोन गोष्टी. ४के डिस्कला रीजनची भानगड नसते, त्यामुळे अमेरिकेतून येणाऱ्या भावाकडून मागवली तरी इथे चालते, पण प्लेअर ४के अल्ट्रा एचडीचा लागतो, साधा ब्लू-रे प्लेअर उघडणारच नाही. डिस्क ड्राइव्हवालं प्लेस्टेशन ५ असेल तर वेगळा प्लेअर नको. आणि मेकिंगचे ते तासन्‌तासांचे व्हिडिओ या पेटीत नाहीत, हा याचा सगळ्यात मोठा दोष. ॲरागॉर्न खुद्द सॉरॉनशी लढतो असं शूट करून मग त्याच्यावर कॉम्प्युटरने ट्रोल कसा चिकटवला, हे सगळं २००२, २००३ आणि २००४ च्या चार-चार डीव्हीडींच्या जुन्या सेटमध्ये आहे. ते सेकंडहँड कुठे दिसले तर उचला, फक्त मागचा रीजन नंबर बघून घ्या, आपला ५ आहे, अमेरिकेचा १.